सत्त्याऐंशीने भागून गाडी होत नाही

निखिल : मावशी, मला डब्ल्यूडीएम-टू या डिझेल इंजिनाचं एचओ मॉडेल, म्हणजे १:८७ प्रमाणातलं, बनवायचंय. खऱ्या इंजिनाचा आराखडा मिळालाय. सगळी मापं ८७ ने भागायची आणि थ्रीडी प्रिंटरला द्यायची, एवढंच ना?

मावशी : भागून तर बघ. इंजिनाची लांबी १७.१२ मीटर, म्हणजे मॉडेल १९७ मिलिमीटरच्या आसपास. चाकाचा व्यास १,०९२ मिलिमीटर, म्हणजे साडेबारा. इथवर सगळं सरळ. आता बॉडीचा पत्रा घे. तो अडीच मिलिमीटर धरला, तर किती येतो?

निखिल : ०.०३ मिलिमीटर. अरे बापरे, हा तर कागदाहून पातळ!

मावशी : म्हणून भिंत निदान एक मिलिमीटरची ठेवावी लागते. पण मग केबिनच्या खिडकीत ती जाडी दिसते आणि सगळं खेळण्यासारखं वाटायला लागतं. त्यावर उपाय आहे. खिडकीची कड आतल्या बाजूने तिरकी उतरवायची. बाहेर उरते फक्त पातळ धार, आणि डोळ्याला पत्रा दिसतो. डिझाइन म्हणतात ते हेच. कुठलं माप पाळायचं आणि कुठलं सोडायचं, ते तुझं तू ठरवायचं.

निखिल : पण रुळाचं माप तरी पाळता येईल ना?

मावशी : तिथेच तर खरी गोची आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा. ८७ ने भागलास तर सव्वाएकोणीस येतात. बाजारातला एचओ रूळ मात्र साडेसोळा, कारण तो १,४३५ च्या गेजसाठी बेतलेला. आपलं इंजिन त्यावर ठेवलं की समोरून पाय जवळ घेऊन उभं राहिल्यासारखं दिसतं.

निखिल : मग प्रमाणच बदललं तर? १,६७६ भागिले साडेसोळा... १:१०२ च्या जवळपास.

मावशी : गणित बरोबर आहे. पण मग डबे, माणसं, सिग्नल, सगळंच त्या प्रमाणात घरी घडवावं लागेल. ब्रिटनमध्ये उलटं केलं. तिथली खरी इंजिनं अंगाने बारीक. एचओत सुरुवातीच्या काळच्या मोटारी आत मावेनात. म्हणून गाड्या १:७६ च्या केल्या आणि रूळ साडेसोळाचेच ठेवले. आजही तिथे बहुतेकजण तेच वापरतात. मी तुझ्या जागी असते, तर सव्वाएकोणीसचा रूळ हाताने टाकला असता. कष्ट आहेत, पण आपली गाडी आपल्या रुंदीवर उभी राहिलेली बघण्यात जो आनंद आहे, तो सोडवत नाही.

निखिल : मोटार कुठे बसवायची?

मावशी : लांब हूडमध्ये मधोमध. दोन्ही टोकांना शाफ्ट, प्रत्येक बोगीवर वर्म गिअर. डिझेल इंजिन नवशिक्याला सोयीचं ते यामुळेच, सगळं आत लपतं. बोगीकडे मात्र नीट लक्ष दे. ती अल्को घराण्यातली आहे. तीन अ‍ॅक्सलपैकी मधला बरोबर मध्ये नाही, एका बाजूला सरकलेला आहे. तो मध्यावर आणलास तर जाणकार लांबूनच ओळखतील. शिवाय त्याला आडवं थोडं सैल ठेव, नाहीतर वळणावर चाकं रूळ सोडतील.

निखिल : आणि दहा-बारा इंजिनं हवी असली तर? क्लबातल्या सगळ्यांनाच हवीयत.

मावशी : मग प्रत्येक नग प्रिंट करत बसू नकोस. एकच मास्टर रेझिन प्रिंटरवर काढ, ०.०५ मिलिमीटरच्या थरात. तो बारीक पॉलिश पेपरने घास, प्रायमर मार, पुन्हा घास. थराची एक रेघ राहिली तरी ती पुढच्या प्रत्येक नगावर उमटते. मग त्यावर सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि त्यात पॉलियुरेथेन ओतायचं. स्टीलच्या डायचा खर्च हजारो नग निघाले तरच परवडतो. रेडिएटरच्या जाळ्या मात्र पितळेच्या कर, अ‍ॅसिडने कोरून. प्लॅस्टिकमध्ये तेवढी बारीक नक्षी उठत नाही.

निखिल : वेग किती ठेवायचा? ताशी १०० च्या हिशेबाने?

मावशी : १०० भागिले ८७, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३२ सेंटिमीटर. बहुतेक लोक याच्या दुप्पट-तिप्पट पळवतात आणि मग इंजिनाचं वजन जाणवतच नाही. कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी १९९८ साली सुरू केलेलं लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथे जा, गाडीच्या उंचीवर डोळे आण आणि वेग बघ.

निखिल : मग आजच बॉडी ड्रॉ करायला घेतो.

मावशी : बॉडी नंतर. आधी एक बोगी कर आणि ती वळणावरून हाताने ढकलून बघ.