पाना हातात घेण्याआधी

पालघर

चि. मयूर,

फळी एका कडेला जाड निघते म्हणून फळ्या घासायच्या ड्रम सँडरचे नट सैल करायला निघालायस, असं तुझ्या पत्रावरून दिसतं. जरा थांब. ड्रम तिरका असतोही, पण त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा, कारण एकदा विनाकारण हलवला की मूळ जागा सापडता सापडत नाही. आधी दोष कुणाचा ते ठरव. एकाच फळीच्या, सारख्या जाडीच्या दोन पट्ट्या घे. एक ड्रमच्या डाव्या टोकाखालून, दुसरी उजव्या टोकाखालून जाऊ दे आणि दोन्ही व्हर्निअरने मोज. मग त्यांची अदलाबदल कर, टेबल किंचित चढव, पुन्हा घाल. दोन्ही खेपांना डावीकडचीच जाड निघाली तर खुशाल पाना घे. सारख्या निघाल्या तर यंत्र निर्दोष आहे. तुझी फळीच वाकलेली आहे. बोईसरच्या पावसाळ्यात रुंद फळीला बाक येतो. ती दाबरोलरखाली सपाट होते, घासली जाते आणि बाहेर पडली की पुन्हा वाकते. त्याला ड्रम काय करणार?

बाकीच्या खुणाही अशाच वाचाव्या लागतात. प्रत्येक फळीवर त्याच जागी लांब काळी रेघ उमटते, म्हणजे ड्रमवरच्या घासकागदात तिथे राळ भरली आहे. तारापूर एमआयडीसीतल्या खोक्यांचं पाइन तू स्वस्तात घेतोस, त्याचा हा प्रसाद. (खिळे आधी लोहचुंबकाने शोध; एक राहिला तरी कागद उभा फाटतो.) सागातलं तेलही कागद बुजवतं. क्रेप रबराचा ठोकळा फिरत्या ड्रमवर हलका धरलास की बराचसा मळ निघतो. आडव्या लाटा दिसल्या तर कागदाची गुंडाळी तपास. दमट हवेत ती सैल पडते, आणि कडेवर कड चढली की तिथे लाकूड करपतं.

तू म्हणशील, नवं यंत्र कंपनीतून जुळवूनच येतं. येतं, पण टेम्पोतून हादरे खात येतं आणि उंचसखल फरशीवर उभं राहतं; तेवढ्याने सांगाडा पिळतो. वेळ जातो, ही तक्रार मात्र मला पटत नाही. पट्ट्यांची तपासणी चहा निवायच्या आत होते. करपलेली फळी पुन्हा घासायची तर डाग खोल गेलेला असतो, जाडी जाते आणि कागदही जातो. ८० नंबरच्या कागदावरून एकदम १५० वर उडी मारून वेळ वाचवू पाहतोस, तिथेही तेच होतं: जुने ओरखडे तसेच राहतात आणि पॉलिश चढल्यावर गिऱ्हाइकाला दिसतात.

भुसा ओढणारा पंखा बंद ठेवून काम करू नकोस. धूळ अडकली की कागद तापतो, बुजतो. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे. तेव्हा मास्कही हवाच.

पट्ट्यांची मापं कळव, डावी-उजवी वेगळी लिहून. तोवर नट आहेत तसेच राहू देत.

तुझा मामा