आहारनियमन : एकास फळते, दुसऱ्यास का नाही?

एकाच घरातील दोन जावा एकाच तक्त्याप्रमाणे जेवू लागतात. तीन महिन्यांनी थोरलीचे वजन सहा किलोंनी उतरते, धाकटीचे जेमतेम एक किलोने. ‘ही चोरून खात असणार’ असा निष्कर्ष घरची मंडळी काढतात आणि क्वचित आपण डॉक्टरही त्यास मान डोलावतो.

हा निष्कर्ष किती घाईचा आहे, हे क्लॉद बुशार यांच्या १९९० सालच्या प्रयोगाने दाखविले. एकबीज जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना ८४ दिवस प्रतिदिनी १००० कॅलरी अधिक देण्यात आल्या. सरासरी वजनवाढ ८.१ किलो झाली. परंतु कोणाची ४.३, तर कोणाची १३.३. एका जोडीतील भाऊ मात्र पुष्कळसे सारखेच वाढले. म्हणजे अन्न तेच असले, तरी शरीराचा हिशेब आनुवंशिकतेने बराचसा ठरलेला असतो.

वजन घटतानाही शरीर स्वस्थ बसत नाही. दहा टक्के वजन उतरले की ऊर्जाव्यय अपेक्षेहून अधिक घटतो. लेप्टिन उतरते, भूक चाळवणारे घ्रेलिन चढते. मेलबर्नच्या २०११ मधील अभ्यासात हे बदल वर्षानंतरही टिकून होते. मनुष्य नकळत कमी हिंडतो, कमी उठबस करतो. हा प्रतिकार सर्वांमध्ये सारख्या तीव्रतेचा नसतो.

मग ज्याच्या-त्याच्या जनुकांनुसार आहार द्यावा काय? जाहिराती तसे सांगतात खऱ्या. परंतु स्टॅनफर्डच्या २०१८ मधील अभ्यासात ६०९ व्यक्तींपैकी अल्पस्निग्ध गटाचे वजन वर्षभरात सरासरी ५.३ किलो, तर अल्पकर्बोदक गटाचे ६ किलो घटले. कोणास कोणता आहार मानवेल, हे तपासलेल्या जनुकांवरून वा इन्शुलिनच्या स्रावावरून सांगता आले नाही. त्यापूर्वी २००५ मध्ये बोस्टन येथे चार प्रसिद्ध आहारपद्धतींची तुलना झाली होती. तेथेही पद्धतीपेक्षा ती किती निष्ठेने पाळली गेली, यालाच महत्त्व ठरले.

ही निष्ठा केवळ मनोनिग्रहाची बाब नव्हे, स्वयंपाकघराचीही आहे. सकाळी पोहे-जलेबी आणि प्रत्येक पदार्थावर शेव, अशा आपल्या इंदुरात ब्रोकोली व ऑलिव्ह तेलाचा तक्ता पंधरवडाही टिकत नाही. (उपवासाची साबुदाणा खिचडी म्हणजे पिष्ट, दाणे आणि तूप, हे आमच्या भाविक रुग्णांना पटवणे त्याहून कठीण!) ज्वारीची भाकरी, उसळ, ताक हे ज्याच्या घरी मुळातच शिजते, त्याला पथ्य हे पथ्य वाटत नाही.

तक्ता फसला असे म्हणण्यापूर्वी रुग्णाची औषधे पाहावीत. इन्शुलिन, सल्फोनिलयुरिया, स्टिरॉइड आणि मनोविकारांवरील काही गोळ्या वजन वाढवितात. थायरॉइड व झोप यांचीही विचारपूस व्हावी.

शिवाय केवळ काट्यावर विसंबणे आपल्या लोकांबाबत विशेष फसवे आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३, चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिनांची ९.१ टक्के! म्हणून त्या धाकट्या जावेच्या कमरेला टेप लावून पाहावी. घेर ८० सेंटिमीटरकडे सरकत असेल आणि उपाशीपोटीची साखर उतरत असेल, तर तिचे पथ्य फुकट गेलेले नाही.