तापवून पत्रा घडविणे

पत्र्याच्या वस्तू घडविण्याची नेहमीची रीत सोपी आहे. सपाट पत्रा साच्यात ठेवून दाबयंत्राने त्यावर जोराचा दाब दिला, की तो साच्याचा आकार घेतो. मऊ पोलादाच्या पत्र्याला यासाठी तापवावे लागत नाही. परंतु पत्रा फार बळकट असेल, तर खोल वळणावर तो चिरतो. न चिरल्यास, दाब निघताच स्थितिस्थापकतेमुळे थोडा मागे येतो व आकार बिघडतो.

मोटारीच्या बाबतीत ही अडचण जिवाशी संबंधित आहे. बाजूने धडक बसली असता आतील माणसांचे रक्षण करणारा, दोन दरवाज्यांमधील खांब अतिशय बळकट असावा लागतो. त्यासाठी जाड पत्रा वापरावा, तर गाडी जड होते व इंधन अधिक लागते.

यावरील उपायाचे तत्त्व गावातील लोहाराच्या परिचयाचे आहे. विळा तापवून तो मऊ करतो, ठोकून आकार देतो आणि शेवटी धारेला पाणी देतो. स्वीडनमध्ये १९७० नंतरच्या दशकात हेच तत्त्व पत्र्याला लावण्यात आले. आकार देणे व पाणी देणे ही दोन्ही कामे मात्र येथे एकाच साच्यात होतात.

या कामासाठी मँगॅनीज व अत्यल्प बोरॉन असलेले पोलाद घेतात. पत्रा भट्टीत ९०० ते ९५० अंश सेल्सिअसपर्यंत तापविला, की त्यातील स्फटिकांची रचना बदलून ऑस्टेनाइट हे रूप तयार होते व पत्रा मऊ होतो. काही सेकंदांतच तो साच्यात नेऊन दाबतात. साच्याच्या अंतर्भागातील नळ्यांतून थंड पाणी खेळत असते. साचा मिटलेलाच ठेवल्याने पत्रा दर सेकंदास सुमारे ३० अंश किंवा त्याहून अधिक वेगाने निवतो आणि मार्टेन्साइट हे अतिकठीण रूप धारण करतो. हळू निवल्यास मऊ स्फटिक तयार होतात; बोरॉन त्यांच्या निर्मितीस विलंब लावतो. मूळ पत्र्याची एक चौरस मिलिमीटर छेदाची पट्टी सुमारे ६० किलोग्रॅम भाराने तुटते. या संस्कारानंतर तिला तोडण्यास सुमारे १५० किलोग्रॅम भार लागतो. पत्रा साच्यातच कठीण झाल्याने आकारही फारसा बिघडत नाही.

गवत कापण्याच्या यंत्रांची पाती हा या रीतीचा एक आरंभीचा उपयोग होय. पुढे १९८४ साली साब कंपनीने आपल्या मोटारीत असे भाग बसविले.

या रीतीला मर्यादाही आहेत. भट्टीत हवेच्या संपर्काने पत्र्यावर पापुद्रा धरतो. तो टाळण्यासाठी पत्र्यावर ॲल्युमिनियम व सिलिकॉन यांचा लेप देतात. तयार भाग इतका कठीण असतो, की कापणारी हत्यारे लवकर झिजतात. म्हणून त्याच्या कडा व छिद्रे बहुधा लेसर किरणांनी कापतात. भट्टीचा खर्च आणि साचा मिटून ठेवण्यात जाणारा वेळ यांमुळे, जेथे बळकटपणा अत्यावश्यक आहे अशाच भागांसाठी ही रीत मुख्यतः योजतात.