चर्वणा आणि खरपूस साल : चार्ल्स लॅम्बच्या एका निबंधाचे पाकशास्त्रीय वाचन

मराठी लघुनिबंधाच्या उगमाची चर्चा करताना ना. सी. फडके, वि. स. खांडेकर आणि अनंत काणेकर यांच्या नावांपाठोपाठ चार्ल्स लॅम्बचे (१७७५-१८३४) नाव येतेच. आत्मपरता, खेळकरपणा, वाचकाशी जवळीक हे लॅम्बचे गुण आपल्या वर्गांतून नेहमी सांगितले जातात. मात्र त्याचा भाजलेल्या डुकरावरील सुप्रसिद्ध निबंध अध्यापनात बहुधा एका वाक्यात उरकला जातो. या संकोचामागे सामाजिक कारणे आहेतच. त्याखेरीज एक वाङ्मयीन कारणही आहे. ज्या पदार्थाभोवती हा निबंध रचला आहे, तो पदार्थ म्हणजे नेमके काय, हे वाचकाला ठाऊक नसते. प्रस्तुत लेखात त्या पदार्थाची कृती समजून घेऊन निबंधाचे वाचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

१

हा निबंध सप्टेंबर १८२२ मध्ये 'लंडन मॅगझिन' या मासिकात प्रसिद्ध झाला आणि १८२३ च्या 'एलिया'च्या निबंधसंग्रहात समाविष्ट झाला. लॅम्ब त्या काळी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत कारकून होता. १७९२ ते १८२५ अशी तेहतीस वर्षे त्याने तेथे काढली. निबंधातील कथा आपल्याला एका चिनी हस्तलिखितातून मिळाली व ते 'एम' नावाच्या मित्राने वाचून दाखवले, असा बहाणा तो करतो. हा मित्र म्हणजे १८११ मध्ये ल्हासापर्यंत पोहोचलेला टॉमस मॅनिंग होय.

कथा थोडक्यात अशी : हो-ती नावाच्या डुकरे पाळणाऱ्याचा मुलगा बो-बो आगीशी खेळताना झोपडी पेटवतो. तीत नुकतीच जन्मलेली नऊ पिले होरपळतात. पिलू जिवंत आहे का, हे पाहण्यासाठी बो-बो त्याला हात लावतो, बोटे भाजतात, तो ती तोंडात घालतो. बोटांना चिकटून आलेल्या सालीच्या तुकड्यांची चव त्याला कळते. पुढे बापही त्या चवीच्या अधीन होतो आणि त्यांची झोपडी वारंवार जळू लागते. खटला उभा राहतो. ज्यूरीचे सदस्य पुरावा म्हणून ठेवलेल्या पिलाला हात लावतात, बोटे चाटतात आणि आरोपींना निर्दोष ठरवतात. मग गावोगाव घरे पेटू लागतात. अखेर घर न जाळताही मांस भाजता येते, असा शोध एक शहाणा पुरुष लावतो.

मानवजातीचा हा पाकशोध सालीपासून सुरू होतो, मांसापासून नव्हे, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे.

२

येथे कृतीकडे वळणे अगत्याचे आहे. घरी ही खरपूस साल करावयाची झाल्यास सालीसकट पोटाकडील मांसाचा सुमारे दीड किलोचा तुकडा घेतात. साल कापडाने पूर्ण कोरडी करतात. धारदार सुरीने सुमारे एक सेंटिमीटर अंतराने तिच्यावर चिरा पाडतात. चीर खालच्या चरबीपर्यंत जावी, मांसापर्यंत जाऊ नये. अन्यथा मांसातील रस वर येऊन साल ओली होते. मग भरड मीठ चोळून तुकडा रात्रभर शीतकपाटात उघडाच ठेवतात. दुसऱ्या दिवशी सालीवर सुटलेले पाणी व मीठ पुसून काढतात. ओव्हन २२० ते २४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून प्रथम अर्धा तास व नंतर १७० अंशांवर तासभर किंवा थोडे अधिक भाजतात. शेवटी गरज भासल्यास आच पुन्हा वाढवतात. सालीवर पाणी किंवा रस्सा शिंपडावयाचा नसतो.

यामागील कारणमीमांसा अशी. कातडी मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाची बनलेली असते. ओलावा व उष्णता मिळून त्याचे मऊ जिलेटिन होते. त्यानंतर पृष्ठभाग कोरडा होऊन तीव्र आच लागली, की सालीत उरलेल्या थोड्या पाण्याची वाफ होते आणि ती साल फुगवते; फुगलेली जाळी सुकून ठिसूळ बनते. पाणी अधिक राहिले तर साल चामड्यासारखी होते. अगदीच संपले तर ती न फुगता काचेसारखी कडक राहते. म्हणजे कुरकुरीतपणा हा ओलावा आणि कोरडेपणा यांच्या अचूक क्रमातून येतो.

हे लक्षात घेतले म्हणजे लॅम्बच्या कल्पनाविलासातील वास्तव प्रकाशात येते. जळत्या झोपडीत भांडे नाही, पाणी नाही. आहे ती केवळ कोरडी, प्रखर आच. अशा आचेत कोवळी साल ठिसूळ होऊन बोटांबरोबर सुटून यावी, हे अगदी संभवनीय आहे. महिन्याच्या आतीलच पिलू हवे, हा त्याचा आग्रहही निव्वळ लहर नव्हे. कोवळ्या प्राण्याचे कोलॅजन लवकर मऊ होते आणि त्याची साल पातळ असते. सालीखालच्या थराला चरबी म्हणण्यासही लॅम्ब नाखूश आहे. तारुण्यापूर्वीच्या त्या स्निग्धतेला वेगळे नाव हवे, असे त्याला वाटते.

३

या सालीला इंग्रजीत जो शब्द आहे, तो ध्वनीवरून आलेला आहे. त्याचे दोन अर्थ होतात : भाजलेल्या मांसावरील ठिसूळ साल आणि चरबी वितळवल्यावर भांड्यात उरणारे तळलेले तुकडे. मराठी अनुवादकाला एकच प्रतिशब्द सापडत नाही. आपल्याकडे रंगासाठी 'खरपूस', गंधासाठी 'खमंग' आणि ध्वनीसाठी 'कुरकुरीत' अशी विभागणी आहे. पहिल्या अर्थासाठी 'खरपूस साल' हा शब्दप्रयोग चालू शकेल. दुसऱ्या अर्थाला मात्र मराठी स्वयंपाकघरात नेमका समांतर शब्द आहे : लोणी कढवून तूप गाळल्यावर तळाशी राहते ती बेरी. स्निग्ध पदार्थ निघून गेल्यावर मागे उरलेले, करपण्याच्या उंबरठ्यावरचे आणि म्हणूनच चविष्ट असे ते शेष होय. डुकराचे मांस ज्याने कधी चाखले नाही, अशा विद्यार्थ्यालाही बेरीच्या आठवणीतून या निबंधात प्रवेश मिळू शकतो.

आपल्या काव्यशास्त्रालाही हा प्रवेश परका नाही. भरताने नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रसाचे स्वरूप अन्नाच्या दृष्टान्ताने सांगितले, आणि अभिनवगुप्ताने रसानुभवासाठी 'चर्वणा' ही संज्ञा वापरली. चर्वणा म्हणजे चावणे. मराठी समीक्षेत 'आस्वाद' शब्द इतका रुळला, की त्यातील जीभ आपण विसरलो. 'चर्वणे'तील दात तर केव्हाच विसरलो. लॅम्बचा निबंध नेमका दातांवर भर देतो : साल क्षणभर प्रतिकार करते आणि मग हार मानते, यातच त्याला आनंदाचे मर्म दिसते. तात्काळ विरघळणाऱ्या चवीपेक्षा, प्रतिकार करून मग उलगडणारी चव श्रेष्ठ, हा विचार दुर्बोध कवितेच्या चर्चेतही उपयोगी पडावा.

४

तथापि या आस्वादाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही. चाबकाने मारून डुकराचे मांस कोवळे करण्याच्या जुन्या प्रथेचा प्रश्न लॅम्ब विद्यार्थ्यांच्या वादविवादाचा विषय म्हणून मांडतो, त्याचा निकाल आपल्याला आठवत नाही असे म्हणून सुटका करून घेतो आणि थेट सारणाकडे वळतो : पावाचा चुरा, काळीज, मेंदू, किंचित सेज, कांद्याला मज्जाव. येथे विनोद हाच नैतिक प्रश्न टाळण्याचा मार्ग झाला आहे. चिनी पात्रांच्या हास्यास्पद नावांबाबतही असेच म्हणावे लागेल.

मराठीत या निबंधाशेजारी ठेवून वाचावे, असे एक पुस्तक आहे. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) या ग्रंथात मराठवाड्यातील महार आणि मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीची नोंद आहे. २०२४ मध्ये तो इंग्रजीतही आला. रूढ वचनातील 'पूर्ण' शब्दाआधी एक 'अ' जोडून ग्रंथाचे शीर्षकच सांगते, की सर्वांचे अन्न ब्रह्म मानले गेले नाही. जनावराचे कातडे, चरबी, आतडी यांचे मोल दोन्ही लेखकांना ठाऊक आहे. परंतु लॅम्बला निवडीचे स्वातंत्र्य आहे. पाटोळे ज्या घरांविषयी लिहितात, तेथे काहीही वाया न घालवणे ही गरज होती आणि त्याच अन्नासाठी त्यांना हीन लेखले गेले. लॅम्बच्या कथेत चव कळताच न्यायालय आरोपींना सोडून देते. येथे मात्र चव चाखण्याआधीच निकाल लागलेला होता.

मराठी लघुनिबंधाने लॅम्बकडून 'मी' घेतला. त्याची चूल मात्र बहुतांशी मागे ठेवली. ती चूल मराठीत आली, ती दलित लेखनातून आणि स्वतःच्या अनुभवाच्या बळावर. अध्यापकांनी हे दोन्ही पाठ एकाच तासाला शिकवावेत. त्यातून रुची ही केवळ व्यक्तिगत आवड नसून तिला इतिहास असतो, हे विद्यार्थ्यांना व्याख्येऐवजी उदाहरणाने कळेल.