लांकडाचें दुसरें आयुष्य

ज्या बाकावर तुम्ही बसतां त्याचें लांकूड एके काळीं रानांत उभें होतें, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. झाड तोडल्यावरही लांकूड स्वस्थ राहत नाहीं. पावसाळ्यांत हवेंतील ओलावा शोषून तें फुगतें व कोरड्या दिवसांत आटतें. ही वाढघट लांबीकडे अगदींच थोडी, परंतु रुंदीकडे पुष्कळ असते. यास्तव रुंद फळी चोहोंकडून घट्ट जखडली असतां ती कालांतरानें तडकते. जाणता सुतार तिच्या हालचालीस जागा ठेवूनच सांधा करतो.

लांकडाचा हा स्वभाव ओळखणारा एक थोर कारागीर म्हणजे जॉर्ज नाकाशिमा. जपानी आईबापांच्या पोटीं अमेरिकेंतील स्पोकेन येथें १९०५ सालीं त्याचा जन्म झाला. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन त्यानें टोकियोंत अँटोनिन रेमंड या वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखालीं काम केलें. रेमंडच्याच वतीनें तो पाँडेचरीस आला. तेथें अरविंदाश्रमाच्या ‘गोलकोंड’ वसतिगृहाच्या बांधकामावर त्यानें देखरेख केली, आणि आश्रमांत त्यास ‘सुंदरानंद’ हें नांव मिळालें.

पुढें जपानशीं युद्ध जुंपलें. १९४२ सालीं अमेरिकन सरकारनें पश्चिम किनाऱ्यावरील जपानी वंशाच्या लोकांस, कोणताही अपराध सिद्ध न होतां, छावण्यांत डांबलें. नाकाशिमा, त्याची पत्नी व तान्ही मुलगी यांची रवानगी आयडाहो संस्थानांतील मिनिडोका छावणींत झाली. तेथें त्यास गेंतारो हिकोगावा नांवाचा, जपानी परंपरेंत तयार झालेला सुतार भेटला. पदवीधर वास्तुशास्त्रज्ञ त्या सुताराचा शिष्य झाला. हत्यारें चालविणें, सांधे बसविणें आणि सर्वांत कठीण असा धीर धरणें, हें तो त्याजकडून शिकला. १९४३ सालीं रेमंडच्या खटपटीनें त्याची सुटका होऊन तो पेन्सिल्व्हेनियांतील न्यू होप येथें आला, व तेथेंच त्यानें आपली कार्यशाळा थाटली.

इतर लोक भेगाळलेल्या, वांकड्या कडेच्या फळ्या टाकून देत. नाकाशिमा त्याच निवडून घेई. झाडाची मूळ कड तो तशीच राखी. भेग लुकणानें बुजवून लपविण्याऐवजीं तो तींत आडवी पाचर बसवी. दोन्ही टोकांस रुंद व मध्यें अरुंद, अशा फुलपांखराच्या आकाराची ही पाचर भेगेस वाढूं देत नाहीं, आणि तिला झांकीतही नाहीं. अशा रीतीनें झाडास दुसरें आयुष्य द्यावें, ही त्याची धारणा होती.

१९६४ सालीं त्यानें अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेंतही सामान आखलें. १९८६ सालीं न्यूयॉर्कच्या सेंट जॉन कॅथीड्रलमध्यें त्याची अक्रोडाच्या लांकडाची शांतिवेदी स्थापन झाली. १९९० सालीं तो वारला. छावणींत नेलेल्या त्याच तान्ह्या मुलीनें, मीरानें, पुढें त्याची कार्यशाळा चालविली.

ज्या देशानें त्यास बंदींत टाकलें, त्याच देशाच्या एका मंदिरांत त्यानें शांतीची वेदी उभारली. मित्रहो, भेग पडली म्हणून फळी टाकून देऊं नये, एवढें तरी या कारागिरापासून आपण शिकावें.