तबकडीवरचा कुत्रा

पतरस बुखारी यांचा 'कुत्ते' हा विनोदी लेख तुमच्यापैकी काहींनी उर्दूच्या तासाला वाचला असेल. त्यात रात्री कुत्र्यांचा मुशायरा भरतो आणि लेखकाची झोप उडते. आज ज्या कुत्र्याची ओळख करून घ्यायची आहे, तो मात्र तोंडातून चकार शब्द काढत नाही. तो फक्त ऐकतो.

जुन्या गाण्यांच्या तबकडीवर कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला कुत्रा तुम्ही पाहिला आहे का? त्याचे नाव निपर. तो इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरातला. घरी येणाऱ्यांच्या पायांना तो चावे घेई, म्हणून हे नाव पडले. निपर म्हणजे चिमटा काढणारा! त्याचा मालक १८८७ साली वारला. पुढे मालकाचा भाऊ फ्रान्सिस बॅरॉड याने त्याला सांभाळले. फ्रान्सिस चित्रकार होता. निपर १८९५ मध्ये मेला आणि त्यानंतर तीन वर्षांनी फ्रान्सिसने त्याचे चित्र काढले. चित्रात निपर यंत्रातून येणारा आवाज कान देऊन ऐकतो आहे. चित्राचे नाव 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे 'मालकाचा आवाज'. कुत्रा गेला, मालक गेला, आवाज मात्र चालूच! लोकांना हे यंत्र जादूचे का वाटले असेल, ते या चित्रावरून कळते.

१८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने हे चित्र शंभर पौंडांना घेतले. पण चित्रातले यंत्र दुसऱ्या प्रकारचे होते. तेव्हा फ्रान्सिसने त्यावर रंग चढवून तेथे ग्रामोफोन काढला. व्यापार तो व्यापार!

याच कंपनीची माणसे १९०२ मध्ये कलकत्त्यास आली आणि त्यांनी गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत आपले नाव सांगत. तबकड्या जर्मनीत तयार होत. तेथील कारागिरांना गायिका कोण, हे कळायला हवे ना! प्रश्नमंजूषेत येथे फसू नका. त्या पहिल्या तबकड्यांवर कुत्रा नव्हता, फरिश्ता होता. कुत्रा नंतर आला.

आता 'तबकडी' हा शब्द पाहा. 'तबक' म्हणजे ताट, हे तुम्हांला उर्दूतून ठाऊकच आहे. त्याला 'डी' लागली आणि लहानसे गोल ताट झाले. पण ओळखीचा दिसणारा प्रत्येक शब्द मराठीत तोच अर्थ घेऊन येत नाही. एका स्पर्धेत माझ्या विद्यार्थ्याला विचारले, "मंत्र्याने राजीनामा दिला, म्हणजे काय केले?" तो ठामपणे म्हणाला, "तो राजी झाला." सभागृह हसले, गुण गेला. त्यानंतर त्या मुलाने एकाही प्रश्नाला हात वर केला नाही. मला त्या हसण्याचे वाईट वाटले. उर्दूत राजीनामा म्हणजे समझोत्याचा कागद, मराठीत पद सोडल्याचे पत्र. मुलाचे उर्दू बरोबर होते, फक्त दार चुकले होते.

'मजकूर', 'तक्रार' आणि 'खाली' या शब्दांचे दोन्ही भाषांतील अर्थ वहीत लिहून आणा. आणि शेजारच्या मावशी मराठीत म्हणाल्या, "पेला खाली आहे," तर तुम्ही त्यात पाणी ओताल, की तो उचलून वर ठेवाल?