विमान तासाभराचं, दूध दिवसभराचं

मुंबईहून चिपीला विमानाने निघताना तान्ह्या बाळाच्या दुधाचा हिशेब तिकिटावरच्या वेळेवर करू नये. परुळ्याजवळच्या सड्यावरचा हा विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाला आणि रात्रभर गाडीत बसून कुडाळला उतरण्याऐवजी तासाभराचा पर्याय हाताशी आला. पण चतुर्थीच्या दिवसांत कोकणातला पाऊस ओसरलेला नसतो. आमच्या खेपेला ढग इतके खाली उतरले होते की विमानाने वर घिरट्या घातल्या आणि शेवटी ते मुंबईलाच माघारी आलं. मांडीवर पाच महिन्यांची लेक, तीही डब्याच्या दुधावर वाढणारी.

भुकेने तिने टाहो फोडला तसे चहूबाजूंनी सल्ले सुरू झाले. पलीकडच्या आजी कळवळून म्हणाल्या, "चेडवाक वायच साखरपाणी दी गो, गप रवात." एका गृहस्थांनी आपल्याजवळचा दुधाचा खोका पुढे केला. दोघांचीही माया खरी होती, तरी मी दोन्ही नाकारलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला साखरपाणी द्यायचं नसतं आणि वर्षाच्या आत गाई-म्हशीचं दूध हे मुख्य दूध होऊ शकत नाही. नाकारणं जमलं ते एवढ्याचसाठी, की पिशवीत थर्मास होता आणि चार बाटल्यांची पावडर जास्तीची होती. त्या विमानात गरम पाण्याची सोय नव्हती.

थर्माससाठी जरा जास्त शब्द खर्च करते, कारण लोक इथेच सैल पडतात. डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचे जंतू असू शकतात आणि तान्ह्यांना ते जिवावर बेततात. म्हणून जागतिक आरोग्य संघटना सांगते की पावडर कालवताना पाणी किमान ७० अंश सेल्सिअस हवं. कोमट पाण्याने काम भागत नाही. घरातून निघता निघता खळखळ उकळलेलं पाणी थर्मासमध्ये काठोकाठ भरा. भरलेला, घट्ट झाकलेला चांगला थर्मास काही तास तेवढी उष्णता धरतो. त्यात चहा कधीच भरू नका. विमानात मिळणारं चहाचं पाणी उकळतं असेलच असं नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये.

पावडर कोरड्या, स्वच्छ डब्यांत एकेका बाटलीपुरती मोजून न्यावी. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलि पाण्याला एक सपाट चमचा असं माप असतं, पण ब्रँड बदलला तर डबा पुन्हा वाचा. विमान रखडलं की पावडर पुरवायला दूध पातळ करायचा मोह होतो. तो टाळायलाच हवा. पातळ दुधाने बाळाच्या रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात, आणि घट्ट दुधाचा भार कोवळ्या मूत्रपिंडांवर पडतो.

कढत पाणी ओतताना बाळ दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या. हवेत एक धक्का बसला तरी भाजायला पुरतं. मग बंद बाटली गार पाण्याच्या पेल्यात धरून निववायची आणि मनगटावर थेंब टाकून बघायचा. याला वेळ लागतो, म्हणून रडं सुरू व्हायच्या आधीच हात चालवावा. केलेलं दूध दोन तासांच्या आत संपवायचं. तोंड लागून उरलेलं ओतून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी.

सुरक्षा तपासणीत बाळाचं दूध आणि पाणी प्रवासाला लागेल तेवढं नेता येतं. पिशवी पट्ट्यावर ठेवण्याआधीच सांगून टाका, म्हणजे खोळंबा होत नाही.

बाटली कधी द्यायची, हेही महत्त्वाचं. मुंबईत धावपट्टीसमोर विमानांची रांग असते. दरवाजा लागला म्हणून लगेच पाजलं, तर विमान सुटायच्या आत बाटली रिकामी होते. खरी गरज उतरताना असते. बाहेरचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो, आणि गिळताना कानाची नळी उघडून तो सैल होतो. उतरायला सुरुवात झाल्याची सूचना आली की डोकं जरा वर धरून पाजावं. झोपलं असेल तर हळूच उठवावं, पोट भरलेलं असेल तर चोखणी चालते.

आणि अंगावरचं दूध का नाही, हा प्रश्न प्रवासभर येतो. त्याचं उत्तर देणं आईवर बंधनकारक नाही.

गावच्या घरी पोचल्यावर एक गोष्ट तेवढी पहिल्याच दिवशी ठरवून घ्या. चतुर्थीच्या गर्दीत बाळाला घ्यायला दहा हात पुढे येतात आणि प्रत्येकाला वाटतं, एक बाटली आपणही करावी. पाजू दे हवं त्याला. पण पाणी उकळणं, माप घेणं आणि बाटल्या उकळून ठेवणं एकाच माणसाकडे ठेवा, आणि ते माणूस आंघोळीला गेलं तर दुसरं कोण, तेही सांगून ठेवा.